नाणेघाटाची वाट व जुन्नरचीं लेणीं

(१) विषयप्रवेश

जुन्नर शहराच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या ऐन धारेवर नाणेघाट नांवाची खिंड आहे. तिच्या माथ्यावर वाटेच्या कडेला एक मोठा दगडी रांजण दिसतो. सातवाहनांच्या काळीं कोंकणांतून वर येणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याकडून येथें जकात घेत, ती या रांजणांत टाकीत, व दिवस मावळेपर्यंत रांजण नाण्यांनीं भरून जाई, अशी कथा घाटावर येणाऱ्या प्रत्येकास ऐकावयास मिळते. घाटाचें नांवही या नाण्यांवरूनच पडलें असें सांगतात. ही कथा आतां इतकी रूढ झाली आहे कीं, डोंगर चढून आलेला मनुष्य प्रथम रांजण पाहतो, त्याच्या काठावर हात ठेवून उभा राहतो, व मग वेळ उरल्यास लेण्यांत डोकावतो.

प्रस्तुत लेखांत या कथेची छाननी करण्याचा आमचा हेतु आहे. तथापि केवळ एक लोककथा खोडून काढणें हें कांहीं मोठें इतिहासकार्य नव्हे. तिच्या जागीं अधिक भक्कम असा पुरावा ठेवतां आला, तरच खोडण्याचा अधिकार प्राप्त होतो. सुदैवानें असा पुरावा त्याच वाटेवर, त्याच खडकांत कोरलेला आहे. परंतु त्याकडे क्वचितच कोणाची दृष्टि जाते. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, नाणेघाटाची वाट व जुन्नरचीं लेणीं हीं दोन निरनिराळीं स्थळें समजून पाहिल्यास दोहोंचाही पुरता उलगडा होत नाहीं. तीं एकाच रहदारीचीं अंगें आहेत. आणि त्यांना सांधणारा दुवा रांजण हा नसून पाण्याचें टाकें हा आहे.

(२) घाट आणि लेणें

कल्याणहून मुरबाडावरून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वैशाखरे हें गांव लागतें. तें मागें टाकून थोडें पुढें गेल्यावर उजव्या हातास नाणेघाटाची पायवाट फुटते. जुन्नरच्या बाजूनें घाटघरमार्गें आतां थेट माथ्यापर्यंत मोटार जाते, व बहुतेक लोक त्याच मार्गानें येतात. आम्हीं मात्र बुद्धिपुरस्सर खालची वाट धरली. व्यापारी ज्या बाजूनें माल घेऊन वर चढला त्या बाजूनेंच चढल्याखेरीज या स्थळाचें मर्म कळणार नाहीं, असा आमचा समज होता, व तो अनुभवानें खरा ठरला.

कार्तिकाच्या अखेरीस, पावसाळी ओढे आटूं लागले असतां आम्ही पहाटे निघालों. प्रथम वाट झाडींतून जाते व तिचा चढ सोसण्यासारखा असतो. पुढें झाडी विरळ होते, समोर नानाचा अंगठा म्हणून प्रसिद्ध असलेला सुळका आकाशांत उभा दिसतो, व तेथून चढ अंगावर येतो. पायथ्यापासून माथ्यापर्यंत सुमारें दोन हजार फूट उंची चढावी लागते. अवघड जागीं मोठमोठे दगड बसवून वाट बांधलेली आहे. क्वचित् मूळ खडकच फोडून पायऱ्या केल्या आहेत. त्यांतील कोणती पायरी कोणत्या शतकांतील हें सांगतां येत नाहीं, कारण वाट ही नेहमीं दुरुस्त होत असते व दुरुस्ती करणारा आपलें नांव लिहून ठेवीत नाहीं. पण एक गोष्ट आमच्या ध्यानांत पक्की बसली. अर्ध्या चढावर आम्हांजवळचें पाणी संपलें. काळ्या पाषाणाचा हा डोंगर पावसाळ्यांत शेंकडों धबधब्यांनीं वाहतो, परंतु पाऊस सरला कीं थोडक्याच दिवसांत कोरडा पडतो. रिकाम्या अंगानें चढणाऱ्याची ही अवस्था. मग पाठीवर ओझें घेतलेल्या माणसाची व गोणी वाहणाऱ्या बैलाची काय झाली असेल? हा प्रश्न मनांत असतांनाच आम्ही लेण्याजवळ पोंचलों, व प्रथम जें दृष्टीस पडलें तें खडकांत खोदलेलें पाण्याचें टाकें होतें.

माथ्यावर चढणाऱ्या अरुंद नाळेच्या तोंडाशींच हें लेणें आहे. याच्या भिंतींवर सातवाहन राणी नायनिका, जिला आपण नागनिका म्हणतों, तिचा प्रसिद्ध लेख आहे. मागील भिंतीवर एके काळीं राजकुलांतील व्यक्तींच्या पूर्णाकृति मूर्ती होत्या. त्या आज नष्ट झाल्या आहेत. कांहीं ठिकाणीं पावलांचे अवशेष तेवढे उरले आहेत. परंतु मस्तकांच्या वर कोरलेलीं नांवें वाचतां आलीं आहेत : राजा सिमुक सातवाहन, देवी नायनिका व राजा श्रीसातकर्णि, कुमार भाय, महारठी त्रनकयिर, कुमार हकुसिरि व कुमार सातवाहन. मूर्ती गेल्या आणि नांवें राहिलीं; इतिहासावर याहून बोलकी टीका दुसरी कोणती करावी?

कर्नल साइक्स यानें इ. स. १८२८ मध्यें हें स्थळ पाहून लेखाची नक्कल केली. त्या वेळीं ब्राह्मी लिपि कोणास वाचतां येत नव्हती. जेम्स प्रिन्सेप यानें ती उलगडली ती १८३७ च्या सुमारास. पुढें पं. भगवानलाल इंद्रजी यांनीं १८७७ मध्यें या लेखांतील अंकचिन्हांवर स्वतंत्र निबंध लिहिला, व डॉ. बूलर यांनीं १८८३ मध्यें पश्चिम हिंदुस्थानच्या पुराणवस्तु खात्याच्या ग्रंथमालेंत संपूर्ण लेखाची चिकित्सा केली. लेखाचा काळ कोणी इ. स. पूर्व दुसऱ्या शतकांत तर कोणी पहिल्या शतकांत धरतात. हल्लीं बहुतेक अभ्यासकांचा कल पहिल्या शतकाकडे आहे.

लेखाच्या आरंभीं धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य व चार लोकपाल यांस वंदन आहे. त्यानंतर राणीचें वर्णन येतें. ती महारठीची कन्या, "दक्षिणापथपति" सातकर्णीची पत्नी, महिना महिना उपवास करणारी, घरांत राहून तापसीप्रमाणें ब्रह्मचर्य पाळणारी अशी आहे. या वर्णनावरूनच ती या वेळीं विधवा असून अल्पवयी पुत्राच्या वतीनें कारभार पाहत होती, असें डॉ. बूलर यांनीं अनुमान केलें. मग यज्ञांची यादी येते. दोन अश्वमेध, राजसूय, अग्न्याधेय, आप्तोर्याम, गवामयन इत्यादि यज्ञ व प्रत्येक यज्ञाची दक्षिणा तींत सांगितली आहे. कोठें १,७०० गाई व १० हत्ती, कोठें ११,००० गाई व १,००० घोडे, कोठें २४,४०० कार्षापण, असे आंकडे लेखभर विखुरले आहेत. हे आंकडे लिहितांना स्थानमूल्याची पद्धत वापरलेली नाहीं. शंभर व हजार यांना स्वतंत्र चिन्हें असून त्यांस दुसरें चिन्ह जोडून संख्या साधली आहे. भारतीय अंकलेखनाच्या इतिहासांत या लेखास जें अढळ स्थान आहे तें यामुळेंच.

(३) रांजणाची छाननी

आतां रांजणाकडे वळूं. जकातीच्या कथेस आधार म्हणून तीन गोष्टी पुढें केल्या जातात : रांजण स्वतः, घाटाचें नांव, व लेखांतील नाण्यांचे आंकडे. त्यांचा क्रमानें विचार करूं.

रांजणावर एकही अक्षर कोरलेलें नाहीं. त्याच्या घडणींत असें कांहीं विशेष नाहीं कीं ज्यावरून तो दोन हजार वर्षांपूर्वींचा ठरावा. डोंगरी वाटेच्या माथ्यावर दगडी पात्र असण्याचीं अनेक कारणें संभवतात. वाटसरूंसाठीं पाणी भरून ठेवणें हें त्यांतील सर्वांत साधें कारण होय. रांजण हा शब्दच मराठींत प्रथम पाण्याची आठवण करून देतो, पैशाची नव्हे.

दुसरी गोष्ट नांवाची. नाणेघाट, नानाघाट अशा दोन्ही रूपांनीं हें नांव प्रचारांत आहे. नाणें या शब्दावरून एक कथा निर्माण झाली, तर नाना या शब्दावरून दुसरी. नाना व गुणा अशा दोघां भावांनीं दोन बाजूंनीं घाट फोडण्याची पैज लावली व नाना जिंकला, असें घाटाखालचे वृद्ध सांगतात. एकाच नांवाच्या दोन उपपत्ती एकाच खोऱ्यांत नांदत असतां त्यांतील एकीवर व्यापाराचा इतिहास रचणें साहसाचें ठरेल. नांवांवरून कथा तयार होणें हा सर्वत्र आढळणारा प्रकार आहे. कथेवरून नांव सिद्ध होत नाहीं.

तिसरी गोष्ट आंकड्यांची. तेथें तर उघड गैरसमज आहे. लेखांतील कार्षापणांच्या संख्या या ब्राह्मणांस व इतरांस दिलेल्या दक्षिणेच्या आहेत. राजानें घेतलेल्या पैशाचा हिशेब तेथें नाहीं. राजकुलानें दिलेल्या पैशाचा आहे. घेण्याचा व देण्याचा असा हा उलटा अर्थ केवळ लेख न वाचतां रांजण पाहिल्यामुळें रूढ झाला.

याचा अर्थ या घाटांत जकात घेतच नव्हते, असा मात्र कोणीं करूं नये. प्राचीन राज्यांत व्यापारी मालावर कर होता, याविषयीं शंका नाहीं. कौटिलीय अर्थशास्त्रांत अंतपाल नांवाच्या अधिकाऱ्यानें वर्तनी म्हणजे वाटेचा कर घ्यावा असें सांगून मालानें भरलेल्या गाडीस सव्वा पण, एक खुराच्या जनावरास एक पण, गाईबैलास अर्धा पण असे दरही दिले आहेत. पण त्याच ग्रंथांत शुल्कशाळेचें जें वर्णन आहे तें या कथेस प्रतिकूल आहे. नगरद्वाराजवळ ध्वज उभारून चार-पांच माणसांनीं प्रत्येक सार्थवाहाची नोंद करावी : तो कोण, कोठला, माल किती, मुद्रा कोठें झाली. ज्या काळीं राजाचे नोकर असें लिहून घेत, त्या काळीं उघड्यावरील रांजणांत पैसे टाकून व्यापारी पुढें जात असे, हें मनास पटत नाहीं. जकात असेल, रांजण तिचा पुरावा नव्हे, एवढेंच आमचें प्रतिपादन आहे.

(४) घाटांतील पोढी

मग या वाटेवरून खरोखरच व्यापारी जात होते याला पुरावा काय? तो लेण्याच्या आसपास खोदलेल्या टाक्यांत आहे. प्राचीन लेखांत टाक्याला पोढी असा शब्द येतो, व हा शब्द वाचकांनीं कृपया लक्षांत ठेवावा, कारण पुढील सर्व विवेचन त्याच्याभोंवतीं आहे.

नाणेघाटांत राणीच्या मोठ्या लेखाखेरीज जे छोटे लेख आहेत त्यांपैकीं दोन आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटतात. एकांत सोपाऱ्याच्या गोविंददासाचें दान नोंदलें आहे. सोपारा म्हणजे वसईजवळील प्राचीन शूर्पारक बंदर. दुसरा लेख राजा वासिष्ठीपुत्र चतरपन सातकर्णि याच्या तेराव्या राज्यवर्षांतील असून तोही पोढीच्या दानाचा आहे. हा राजा इ. स. च्या दुसऱ्या शतकांतील. म्हणजे नायनिकेच्या लेखापासून या लेखापर्यंत सुमारें दोनशें वर्षांचें अंतर पडतें.

या दोन लहानशा ओळींचें मोल मोठ्या लेखाहून कमी लेखूं नये. राणीचा लेख राजकुलाचा गौरव सांगतो. आपल्या घराण्याच्या मूर्ती व यज्ञांची कीर्ति तिनें राजधानींत न कोरतां या निर्जन नाळेंत कां कोरली, याचें उत्तर त्या लेखांत नाहीं. तें वाटेंत आहे. जेथून प्रत्येक वाटसरूला जावेंच लागे, व चढाच्या अखेरीस जेथें तो दम घेण्यास हटकून थांबे, त्या ठिकाणीं हें लेणें कोरलें आहे. आणि तो थांबे तो पाण्यासाठीं. बंदरांतील एक मनुष्य समुद्रापासून इतक्या दूर डोंगरांत येऊन टाक्यासाठीं द्रव्य कां खर्च करील? धर्मबुद्धि हें एक कारण खरेंच. पण या वाटेची तहान त्यानें वा त्याच्या माणसांनीं अनुभवली होती, असें मानण्यास कांहीं हरकत दिसत नाहीं. शिवाय दोन शतकांनंतरही येथें टाक्याचें दान होत होतें, यावरून ही रहदारी एका राजाच्या कारकिर्दीपुरती नव्हती, हेंही सिद्ध होतें.

पाण्याची सोय करणें हें त्या काळीं पुण्याचें कृत्य समजत, याला बाहेरचा आधार हवा असल्यास नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताचा लेख पाहावा. नहपानाच्या या जांवयानें भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शूर्पारक येथें धर्मशाळा बांधल्या, विहिरी व तळीं खोदलीं, नद्यांवर विनामूल्य तरी ठेवल्या, व त्यांच्या दोन्ही तीरांवर पाणपोया घातल्या. त्याचें दान राजपुरुषाचें, गोविंददासाचें एका बंदरकराचें. पण दोघांच्या मनापुढें प्रवासीच आहे.

(५) जुन्नरच्या लेण्यांची साक्ष

घाटमाथ्यावरून घाटघर, पूर येथील कुकडेश्वराचें देऊळ, चावंड किल्ल्याचा पायथा असें करीत कुकडी नदीच्या खोऱ्यानें जुन्नरास येतां येतें. माणिकडोह धरणाच्या जलाशयाखालीं या खोऱ्यांतील बराच भाग गेला असल्यामुळें जुनी वाट नदीकांठानें नेमकी कशी जात होती हें आतां पायांनीं तपासतां येत नाहीं. जुन्नराभोंवतींच्या डोंगरांत मात्र शिवनेरी, तुळजा, मानमोडी व लेण्याद्रि असे लेण्यांचे चार प्रमुख समूह अजून उभे आहेत. एकाच गांवाभोंवतीं खोदलेल्या गुंफांची इतकी मोठी संख्या महाराष्ट्रांत दुसरीकडे क्वचितच आढळेल; लहानमोठीं खोदकामें मिळून ती दीडशेंच्याही पुष्कळ वर जाते.

कलेच्या दृष्टीनें त्यांत कार्ल्याच्या चैत्यासारखें भव्य कांहीं नाहीं, म्हणून प्रवासी लेखकांनीं त्यांची थोडक्यांत बोळवण केली आहे. तुळजा समूहांतील वर्तुळाकार चैत्यगृह मात्र कोणीही पाहावें. मध्यें स्तूप, भोंवतीं बारा साधे अष्टकोनी खांब व वर घुमट अशी ही रचना आपल्या लेण्यांत अगदीं विरळा आहे. लेण्याद्रीवरील सातवें लेणें हा वीस खोल्यांचा, मध्यें एकही खांब नसलेला विस्तीर्ण विहार असून त्यांत आज गिरिजात्मज गणपतीचें स्थान आहे. अष्टविनायकांच्या यात्रेला येणारे भाविक सुमारें तीनशें पायऱ्या चढून येथें येतात. बौद्ध भिक्षूंनीं सोडलेलें घर दुसऱ्या देवतेनें राखलें, व त्यामुळें तेथें मनुष्याची वर्दळ टिकली, हेंही इतिहासाच्या दृष्टीनें उपकारकच झालें.

परंतु जुन्नरच्या लेण्यांचें खरें धन त्यांच्या दानलेखांत आहे. त्याच सातव्या लेण्याशेजारीं सहाव्या क्रमांकाचें चैत्यगृह आहे. त्याच्या दर्शनी भागावरील लेखांत हें चैत्यगृह हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त यानें दिलें, व तो कल्याणचा, असें स्पष्ट लिहिलें आहे. जुन्नरच्याच दुसऱ्या एका लेखांत कल्याणचा सोनार सघक यानें पोढी दिल्याची नोंद आहे. नाणेघाटाच्या खालच्या तोंडाशीं कल्याणचा रस्ता, वरच्या तोंडाशीं जुन्नरचा. आणि जुन्नरांतील प्रमुख चैत्य कल्याणच्या मनुष्यानें खोदविलेला. रांजणाची कथा जें सांगूं पाहते तें या दोन ओळी कितीतरी अधिक निःसंदिग्धपणें सांगतात.

शिवनेरीवर यवन इरिल यानें दोन पोढ्या दिल्या, व यवन चिट यानें संघासाठीं भोजनमंडप दिला. दोघेही आपणांस "गतांचे" म्हणवितात. हे गत म्हणजे युरोपांतील गॉथ लोक असावेत असा तर्क कांहीं पंडितांनीं केला होता. तो सर्वमान्य नाहीं, व आमच्या विषयास त्याची आवश्यकताही नाहीं. मानमोडीवरील भूतलिंग समूहांत गजलक्ष्मीच्या शिल्पानें सजविलेल्या चैत्याचा दर्शनी भाग यवन चंद्र याचें दान होय. परदेशी वंशाचे हे तीन दाते समुद्रमार्गानेंच या देशीं आले असतील असें नव्हे. पण समुद्रापासून दूर असलेल्या डोंगरी गांवांत त्यांना वस्ती करावीशी वाटली, ती त्या गांवाच्या बाजारपेठेमुळें, हें उघड आहे.

मानमोडीच्याच भीमाशंकर समूहांत महाक्षत्रप स्वामी नहपान याचा अमात्य, वत्सगोत्री अयम, याचा ४६ व्या वर्षाचा लेख आहे. या वर्षाची गणना शककालानें केल्यास तें इ. स. १२४ येतें. राज्य सातवाहनांकडून क्षत्रपांकडे गेलें होतें, स्वामी बदलला होता; परंतु अमात्यानें काय दिलें? एक पोढी व एक मंडप. राजवट कोणाचीही असो, या डोंगरांत दान देणाऱ्याच्या मनांत प्रथम पाणी येतें.

यांखेरीज कारागिरांच्या व व्यापाऱ्यांच्या श्रेणींचे लेख आहेत. धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीनें सात खोल्यांचें लेणें व पोढी दिली. बांबूकाम करणारे वंसकार व कांशाचीं भांडीं घडविणारे कासाकार यांच्या श्रेणींकडे धर्मार्थ ठेवी ठेवल्याचे उल्लेख आहेत. एका लेखांत तर करंजाचीं व वडाचीं झाडें लावण्यासाठीं शेतजमिनीचें उत्पन्न लावून दिलें आहे. सावली आणि पाणी या दोन गोष्टींची वाटसरूस गरज असते, व दोहोंची तरतूद येथें अक्षरांत नमूद आहे. श्रेणीकडे ठेव ठेवावयाची तर श्रेणी पिढ्यान्‌पिढ्या टिकेल असा ठेवीदाराचा विश्वास पाहिजे. हा विश्वास ज्या गांवांत होता तें गांव घडीभराच्या मुक्कामाचें ठाणें नव्हे, भरभराटलेलें नगर होतें.

इ. स. च्या पहिल्या शतकांतील "पेरिप्लस" या ग्रीक नाविक ग्रंथांत कल्याण बंदराचा उल्लेख आहे. थोरल्या सरगनसाच्या काळीं तें अधिकृत व्यापारी ठाणें झालें, परंतु संदनेसाच्या हातीं गेल्यावर तेथें चुकून आलेल्या ग्रीक जहाजांना पहाऱ्यांत भरुकच्छास नेत, असें त्यांत म्हटलें आहे. बंदराचें नशीब असें फिरलें म्हणजे घाटाचेंही फिरत असलें पाहिजे. जुन्नरच्या लेखांत सातवाहन, क्षत्रप, यवन अशीं निरनिराळीं नांवें जवळजवळ येतात, त्याचें कारण या चढाओढींत शोधावें, असें आम्हांस वाटतें.

(६) उत्तरकालीन रहदारी

लेणीं ओस पडलीं तरी वाट ओस पडली नाहीं. घाटाच्या रक्षणासाठीं जीवधन, चावंड, हडसर व शिवनेरी असे चार किल्ले या खोऱ्यांत उभे राहिले. जीवधन तर घाटाच्या डोक्यावरच आहे. त्याच्या एका दरवाजाचें नांव कल्याण दरवाजा व दुसऱ्याचें जुन्नर दरवाजा. वाटेचीं दोन टोकें किल्ल्याच्या दोन दारांवर लिहिल्यासारखींच आहेत. चावंडावर एकास लागून एक अशीं सात टाकीं आहेत. भिक्षूंची पोढी व गडकऱ्यांचें टाकें यांत खोदण्याची कला एकच. फरक इतकाच कीं, पहिलें वाटसरूसाठीं, दुसरें शिबंदीसाठीं.

शिवाजी महाराजांनीं १६५७ च्या एप्रिलांत जुन्नर लुटलें, व त्याच वर्षाच्या उत्तरार्धांत कल्याण-भिवंडी घेतली. या दोन घटना बखरकार व इतिहासकार स्वतंत्र मोहिमा म्हणून सांगतात. परंतु एकाच वाटेचीं हीं दोन टोकें सहा-सात महिन्यांच्या आंत हाताळलीं गेलीं, हें ध्यानांत घेतल्यास त्यांचा परस्परसंबंध अधिक स्पष्ट होतो. पुढें १६७५ मध्यें जॉन फ्रायर हा इंग्रज वैद्य मुंबईहून कल्याण, मुरबाड या मार्गानें जुन्नरच्या मोगल सुभेदाराकडे गेला. जातांना वाट चुकून तो दुसऱ्याच अवघड घाटानें चढला, व परततांना नाणेघाटानें उतरला. तेव्हां हा घाट किती सोपा आहे हें त्यास कळून आलें. दोन हजार वर्षांपूर्वींच्या सार्थवाहानें हीच वाट कां निवडली, याचें उत्तर फ्रायरच्या त्या चुकींत आपोआप मिळतें. पुढें १८१८ मध्यें इंग्रजांनीं हे किल्ले घेऊन त्यांच्या चढण्याच्या वाटा सुरुंगांनीं उडविल्या. घाटाची वाट उडविण्याचें मात्र कोणाच्या मनांत आलें नाहीं, कारण वाट ही जेत्यालाही हवीच असते.

(७) उपसंहार

वरील विवेचनाचें सार असें : नाणेघाटांतील सोपाऱ्याच्या गोविंददासाचें दान, तेथीलच तेराव्या वर्षाच्या लेखांतील पोढी, कल्याणच्या सघक सोनाराची पोढी, शिवनेरीवरील यवन इरिलाच्या दोन पोढ्या, मानमोडीवरील अमात्य अयमाची पोढी व धान्यश्रेणीची पोढी यांची एक सांखळी लागते. बंदरापासून बाजारपेठेपर्यंत ती अखंड जाते. राजा, अमात्य, सोनार, धान्याचा व्यापारी व परदेशी मनुष्य हे सर्व तींत आहेत. जकातीचा रांजण खरा मानला तर या वाटेचा इतिहास राजानें व्यापाऱ्याकडून काय घेतलें एवढ्यावरच संपतो. पोढ्या पाहिल्या म्हणजे व्यापाऱ्यानें व अधिकाऱ्यानें मागून येणाऱ्या अनोळखी माणसाला काय दिलें, याचा इतिहास सुरू होतो. आम्हांस दुसरा इतिहास अधिक खरा वाटतो, कारण त्याच्याखालीं दात्यांच्या सह्या आहेत.

शेवटीं एक विनंती. घाटावर आतां पावसाळ्यांत मोठी गर्दी लोटते. लेण्याच्या भिंतींवर आपलीं नांवें ओरखडण्याचा मोह कित्येकांना आवरत नाहीं, व तीं नांवें ज्या अक्षरांवरून ओरखडलीं जातात तीं महाराष्ट्राच्या लिखित इतिहासाच्या आद्य अक्षरांपैकीं आहेत. टाक्यांत गाळ व कचरा सांचतो. कांहीं टाकीं पूर्ण बुजलीं आहेत. लेण्यांची गणना व वर्णन अनेकांनीं केलें आहे. परंतु घाटवाटेवरील प्रत्येक टाकें, प्रत्येक खोदीव पायरी, प्रत्येक बांधीव वळण यांची मोजमापांसह नोंद एकत्र झाली पाहिजे. हें काम नाणेघाटापुरतेंही नाहीं. दक्षिणेस दाऱ्या घाटाच्या पायथ्याकडे सोनावळ्याजवळ गणपती गडद म्हणून लेणीं आहेत. गडद म्हणजे डोंगराच्या पोटांतली कपार. हीं लेणींही घाटवाटेच्या आश्रयानेंच खोदलीं गेलीं असावींत. आसपासच्या गांवांतील गुराख्यांना व वृद्धांना अशीं टाकीं व गडदी जितक्या ठाऊक आहेत तितक्या कोणत्याही नकाशांत नाहींत. जुन्नर, मुरबाड व अकोले या तालुक्यांतील अभ्यासकांनीं पायीं हिंडून, त्यांना सोबत घेऊन ही नोंद करावी, व ती या त्रैमासिकाकडे पाठवावी.

उतरतांना आम्हीं लेण्याजवळच्या एका टाक्याचें पाणी प्यालों. तें थंड व स्वच्छ होतें. ज्यानें तें खोदविलें त्याचें नांव आम्हांस ठाऊक नाहीं. परंतु त्याचा हेतु दोन हजार वर्षांनंतरही पूर्ण होत आहे, हें मान्य करून आम्ही पुढें निघालों.